भर दवाखान्यात माझं नाव

आदरणीय व्याही कुआनिशभाऊ यांस कारासूहून तोलेगेनचा मनापासून सलाम.

तुमची तब्येत, विहीणबाईंचे गुडघे, घोडे, मेंढ्या, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. आमच्याकडे मेंढ्या ठीक आहेत. माझं विचाराल तर ठीक नाही, आणि पत्रास कारण तुमची कन्या.

रौशान आमच्याकडे सून म्हणून आली तेव्हा दवाखान्यात साधी नर्स होती. डॉक्टर सांगेल ते इंजेक्शन द्यायची आणि घरी येऊन मला चहा द्यायची. दोन्ही कामं उत्तम. मग ती शहरात पुढचं शिकायला गेली (पाठवलं मीच, ही माझी अक्कल) आणि वरच्या दर्जाची नर्स होऊन परतली. आता तिला स्वतंत्र खोली आहे. स्वतः तपासते, स्वतः औषध लिहिते, डॉक्टरला विचारायचं कारण नाही. (डॉक्टर तसाही जिल्ह्याच्या गावी बसतो आणि रस्ता वाळला तरच उगवतो.) तिचा पहिला हुकूम सुटला तो माझ्यावर. चहात साखर बंद, कणकेचे तळलेले बाउरसाक बंद, घोड्याच्या मांसाचा एकच तुकडा. एक तुकडा, व्याही, आणि तोही पाहुण्यांसमोर.

त्यात नव्या बुटानं माझा अंगठा सोलवटला. साखरेच्या आजारात अशी जखम चिघळते, पाय कापायची वेळ येते, असं ती रोज बजावू लागली. पण सासऱ्यानं सुनेसमोर मोजा काढायचा? तर म्हणाली, मग दवाखान्यात या. गेलो. दवाखाना सरकारी आहे, तिथे जायला मी कुणाच्या बापाला भीत नाही (तुम्हाला धरून नव्हे).

तिथे भिंतीवर पाटी आहे की पेशंटला नावानं बोलावलं जाईल. मी बाकावर बसलो. ती दारात येऊन एकेकाचं नाव घ्यायची, आणि माझी पाळी आली की माझ्याकडे बघत नुसती उभी. सून सासऱ्याचं नाव कसं घेणार? आपल्यात कुठल्या सुनेनं घेतलंय? "मामंजी, या ना आत," ती हळूच म्हणाली. मी हललो नाही. इथे कसले मामंजी, मी पाटी वाचून बसलेला पेशंट. तिनं झाडूवाल्या कुल्याशला मला बोलवायला पाठवलं, तर हा आणखी अपमान. माझ्यामागून आलेले खोकलेवाले, पोटदुखीवाले आत जाऊन बाहेर आले. बेकझात म्हातारा तर जाता जाता म्हणाला, "काय तोलेगेन, मुक्कामाला आलास का?" पाय ठणकत होता, पण प्रश्न तत्त्वाचा होता.

शेवटी रौशान बाहेर आली, बाकासमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तोलेगेन सादिकुली, आत या."

कुल्याशच्या हातातली बादली निसटली. माझं नाव, माझ्या बापाच्या नावासकट, माझ्या सुनेच्या तोंडून, भर दवाखान्यात. मी हेच मागत होतो हे कबूल, पण ते मिळेल असं कुणाला वाटलं होतं? मी इतका सुन्न झालो की आत कधी गेलो कळलं नाही, आणि भानावर आलो तेव्हा मोजा तिच्या हातात होता. तिनं जखम धुतली, कुजलेलं काढलं, पट्टी बांधली. हात हलका आहे, खोटं कशाला बोलू. मग म्हणाली, "घरी हवं तेवढं रागवा मामंजी. इथे मला तुमचा पाय वाचवायचाय."

जखम भरेपर्यंत रोज जावं लागलं आणि रोज माझं नाव घेतलं गेलं. गावातल्या बाकीच्या सुना आता मला बघून तोंडाला रुमाल लावून हसतात. म्हणून शेवटच्या पट्टीच्या दिवशी मी सगळ्यांदेखत शपथ घेतली की पुन्हा त्या खोलीची पायरी चढणार नाही. बाप या नात्यानं तुम्ही तिची चांगली कानउघाडणी करावी, ही विनंती.

तुमचा दुखावलेला व्याही,
तोलेगेन

ता. क. कानउघाडणी फार करू नका. ती शहरात निघून गेली तर इथे कुणी उरणार नाही. बेकझातसुद्धा हल्ली तिचंच औषध घेतो.

आणखी एक. फोनवर बोलायची सोय नाही, घरात सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र बसवाल्याच्या हाती देतो आहे. माझी डावी टाच काळी पडली आहे. कुणाला दाखवलेली नाही. दुखत नाही, आणि दुखत नसेल तर जास्त वाईट, असं रौशानच सगळ्यांना सांगत असते. शपथ घेतलेल्या तोंडानं मी तिला काय सांगू? पत्र हातात पडताच तिला फोन करा. तुम्हाला कसं कळलं असं विचारलं, तर सांगून टाका की म्हातारा घाबरलाय.