अध्यक्षांच्या घराचा लाल दरवाजा

१४ ऑक्टोबर
मी सात वर्षांची असताना आई म्हणाली होती, "कोरी, अध्यक्षांचा दरवाजा लाल होता, आणि कुणी काहीही विचारलं तरी आपण लालच म्हणायचं." आजच्या समितीच्या बैठकीत तेच वाक्य मनात घोकत बसले. आमच्या गावानं देशाला एकच अध्यक्ष दिला. त्याच्या घराचा आता जीर्णोद्धार होतोय. त्यासाठी क्लीव्हलंडहून व्हॉसबाई नावाच्या तज्ज्ञ आल्यात. म्हणाल्या, दरवाज्याचा मूळ रंग तपासावा लागेल. तपासा की! या घराचं नाताळ-कार्ड दर वर्षी निघतं. प्रत्येकावर दरवाजा लाल. पहिलं कार्ड तर आईनंच रंगवलेलं. माझ्याकडे सगळी आहेत, एकेक प्लास्टिकच्या पाकिटात.
संकल्प: शांत राहायचं. अल्बम बैठकीला न्यायचा नाही.

१६ ऑक्टोबर
अल्बम नेला. पण शांतपणे नेला.
व्हॉसबाईंनी हात लावायच्या आत त्यांना पांढरे हातमोजे दिले. त्या एका कार्डावर थांबल्या. "यात धुराडं नाहीये. मग पाडायचं का धुराडं?" सगळे हसले. मी सांगितलं, ती छपाईतली चूक आहे, म्हणून तर ते कार्ड सगळ्यांत दुर्मिळ. "अच्छा, म्हणजे कार्डं चुकू शकतात तर," असं म्हणून बाई शांतपणे चहा प्यायल्या.
खोचक बाई. गाडीत बसल्यावर चोख उत्तर सुचलं.

२० ऑक्टोबर
वेस म्हणाला, "अगं, दरवाजा आहे तो. हिरवा झाला तरी उघडेलच ना?" नवऱ्याशी दोन दिवस अबोला ठरवला. जेवताना मोडला, सूप कसं झालंय ते विचारायचं होतं.
निकाल लागेपर्यंत रोज लाल स्वेटर घालणार. रोज. लोकांना कळू दे.

२५ ऑक्टोबर
शनिवारच्या बाजारात "दरवाजा लालच!" असे बिल्ले वाटले. लहान मुलांनी बरेच घेतले. एका गृहस्थांनी विचारलं, कुठल्या दुकानाची जाहिरात? यॉडरकाकूंना दोन देऊ केले. काकू आईची जिवलग मैत्रीण, आई गेल्यावर समितीतली सगळ्यांत जुनी. त्यांनी बिल्ला पर्समध्ये टाकला, लावला नाही. वयाचा परिणाम.

३ नोव्हेंबर
व्हॉसबाईंनी दरवाज्याच्या रंगाची कपची काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मलाही बघायला लावलं. तळाशी तपकिरी. ओकच्या लाकडाचा भास व्हावा म्हणून वर कंगव्यानं रेघा ओढलेल्या, तेव्हाची श्रीमंती फॅशन म्हणे. त्यावरही तपकिरीच. लाल सगळ्यांत वर, आणि एकच थर.
एकच थर म्हणजे काय? म्हणजे इतका पक्का, की पुन्हा द्यावाच लागला नाही. हे मी बाईंना ऐकवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पटलं असणार!

९ नोव्हेंबर
यॉडरकाकू अक्रोडाचा केक घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाळा, तो स्वेटर आता धुवायला टाक." मग बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचा उद्योग आहे तो."
घर फळ्या ठोकून वर्षानुवर्षं बंद होतं. उघडलं त्या वर्षी पैसे जमवायला आईनं कार्ड काढलं. तपकिरी दरवाजा नाताळसारखा दिसेना, म्हणून कार्डावर लाल केला. मग लोक कार्ड हातात धरून यायचे आणि विचारायचे, अहो, लाल दरवाज्याचं घर कुठंय? "त्यांचे उतरलेले चेहरे तिला बघवेनात. तुमच्या कोठाराचा उरलेला लाल रंग घेऊन आली नि दरवाजाच रंगवला. डबा मी धरला होता. काय हसलो होतो गं आम्ही!"
मी म्हटलं, काकू, तुमची काहीतरी चूक होतेय.
"बरं," म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी केक वाढला.

१० नोव्हेंबर
दरवाजा बघून आले. कडीखाली रंगाचा ओघळ आहे. इतकी वर्षं बोट फिरवत आले त्यावरून. आईनं रंगवलेल्या आमच्या खिडक्यांवरही असेच ओघळ आहेत. आईला कायम घाई.
स्वेटर धुतला. वाळला की घालणार.

१८ नोव्हेंबर
सगळ्यांनी तपकिरीला मत दिलं. यॉडरकाकूंनीसुद्धा, माझा हात हातात धरून. यंदाच्या कार्डावर दरवाजा तपकिरी असेल. ते मी घेणार नाही.

२ डिसेंबर
घेतलं. संग्रहात खंड नको. दिसतंही बरं, ही व्हॉसबाईंची नाही, चित्रकाराची हुशारी.

४ डिसेंबर
उद्या लाल रंग खरवडणार. जुन्या रंगाचा एखादा चौकोन तसाच झाकून ठेवतात म्हणे, पुढच्यांना खूण म्हणून. पण खऱ्या, ऐतिहासिक रंगाचाच. कोठारातला रंग त्यात बसत नाही. वेस म्हणाला, "विचारलंस तरी नाहीच म्हणतील व्हॉसबाई." मलाही माहितेय. सकाळी लाल स्वेटर घालून दारात उभी राहणार आणि विचारणारच: व्हॉसबाई, कडीखालचा तळहाताएवढा तुकडा राहू द्याल का? ओघळासकट.