बाबा, नवी गाडी टुणटुण वाजते

प्रिय बाबा,

काल दसऱ्याला प्रवीणने नवी गाडी आणली आणि तेव्हापासून मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही असतात तर समोर बसवून भांडले असते. आता हे पत्रच!

ही गाडी तुम्हाला मुळीच आवडली नसती. समोर काही आलं की स्वतःच ब्रेक लावते. रस्त्यावरच्या पट्ट्याबाहेर गेली की स्टिअरिंग हातात थरथरतं. शोरूममधून गावाकडे येताना एक म्हैस आडवी आली, तर प्रवीणचा पाय पोचायच्या आत गाडी थांबलेली. भाऊराया पार घाबरला. "गाडी मी चालवून राहिलो का हे?" असं तुम्ही नक्की विचारलं असतं, वर तिला दोन शिव्याही हासडल्या असत्यात.

पण एवढ्या शहाण्या गाडीलाही सीटबेल्ट स्वतः लावता येत नाही. तो माणसानेच लावायचा, नाहीतर ती टुणटुण करत राहते. त्या आवाजाशी तुमचं जुनं वैर! तो बंद करायला तुम्ही कुठूनसं नुसतं बकल आणलं होतं, बेल्टविना. ते खाचेत खोचलं की गाडीला वाटायचं, साहेबांनी बेल्ट लावला. नागपुरात शिरताना खरा बेल्ट खांद्यावरून ओढून धरायचा आणि चौकातला पोलीस मागे पडला की सोडून द्यायचा. मी टोकलं की म्हणायचात, "अवं, बेल्ट पोलिसाले दाखवाले असते. मी का आज गाडी शिकून राहिलो?"

संत्र्यांचा मात्र वेगळाच थाट. माझ्यासाठी बागेतली निवडक संत्री क्रेटमध्ये भरायचात आणि मागे दबतील म्हणून क्रेट पुढच्या सीटवर ठेवायचात. सीटवर वजन पडलं की गाडी तिकडूनही वाजायची. खोटं बकल तर एकच, तेही तुमच्या बाजूला. मग त्या बाजूचा खरा बेल्ट तुम्ही क्रेटला बांधायचात. किती हसायचो आम्ही!

मागच्या हंगामात दिवेलागणीला तुम्ही असेच माझ्याकडे निघालात. वाटेत एक कापसाची ट्रॉली बिघडून उभी होती. मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. आपल्याकडे खोचतात तशी कडुनिंबाची फांदी तेवढी. फांदी दिवसा दिसते, बाबा. अंधार पडल्यावर ती कुणाला दिसणार?

प्रवीण तिथे पोचला तेव्हा क्रेट जागच्या जागी होतं. एकही संत्रं फुटलं नव्हतं. त्याने मला हे सांगितलं तेव्हापासून मी तुमच्यावर रागावलेली आहे. तुमच्या गाडीत एअरबॅग होती, ती उघडलीही. पण बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जातो आणि तीच पिशवी छातीवर आदळते, हे मला नंतर कळलं. संत्री जपलीत तेवढं स्वतःला काहून नाही जपलं?

तुमची पोर नुसती रडत बसणारी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. काल मारुतीच्या देवळापुढे दरवर्षीसारख्या गाड्या पूजेला लागल्या. हळद-कुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू. मी नागपूरहून लाल रिफ्लेक्टर पट्टीची रिळं नेली होती. तुमचे पत्त्यांतले जोडीदार नामदेवकाका आधी ऐकेनात. ट्रॉली शेतातून घरी येते, तिला नट्टापट्टा कशाला, म्हणाले. मग मी पुजारीबुवांनाच पटवलं: कुंकवानंतर पट्टी, पट्टीशिवाय नारळ फोडायचा नाही. शेवटी काकाच फडकं घेऊन ट्रॉलीचा चिखल पुसायला बसले. आता गावातली ट्रॉली अंधारातही लांबून दिसते.

प्रवीण मात्र सोपा नव्हता. तुमच्यावरच गेलाय. संत्र्यांचा हंगाम तोंडावर आलाय, आता त्याच रस्त्याने त्याची रोज नागपूरच्या बाजारात फेरी होणार, आणि हा काल दुकानात तसलंच खोटं बकल शोधत होता! मी बोलले, त्याची बायको बोलली. टुणटुणीने डोकं उठते, एवढंच त्याचं उत्तर.

आज सकाळी आम्ही आईला घेऊन देवदर्शनाला निघालो. तुम्ही गेल्यापासून ती एसटीनेच फिरते, गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. आज आपणहून पुढे बसली आणि माझ्याकडून बेल्ट लावून घेतला. प्रवीणने गाडी सुरू केली, टुणटुण झाली, तसा त्याने गाण्याचा आवाज वाढवला. आईने हात पुढे करून गाणं बंद केलं.

"बेल्ट लाव," ती म्हणाली. "तुह्या बाबाले मी एकदाबी म्हटलं नाही. तुले रोज म्हणीन."

प्रवीणने बेल्ट ओढून लावला आणि गाडी गप्प झाली. उद्यापासून तो निघताना आई रोज गाडीपाशी येऊन उभी राहणार आहे. तो ऐकेल, बाबा, मला खात्री आहे.

पुढच्या दसऱ्याला शेजारच्या गावांतल्या ट्रॉल्यांनाही पट्टी लागेल, हे माझं वचन. आणखी एक वचन देते. आईने एकदा म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत, हे मला माहीत आहे. ते मी तिला कधीही बोलून दाखवणार नाही.

तुमचीच भांडकुदळ लेक,
वैशू