उत्तरेचा वारा, पश्चिमेचं पाणी

२१ नोव्हेंबर

बरोबर आलं! सोमवारी वसईसमोर प्रवाह मोजायला सोडलेले सगळे बोये आज मी नकाशावर आखलेल्या पट्ट्यातच तरंगताहेत. माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन — "दिपाली, अभ्यास आहे की नशीब?" मी म्हटलं, सर, नशीब असतं तर पहिली मॉडेलं अशी तोंडावर आपटली नसती!

बाबांना दाखवलं. ओट्यावर बसून समोरच्या गोदामाचे पत्रे वाजताना ऐकत होते. म्हणे, "वारा उत्तरेचा हाय, मंग पानी दक्षिनेलाच जाईल. त्याला शिकायला कशाला लागतं?" जात नाही ना बाबा, तीच तर गंमत! ते उजवीकडे कलतं. पश्चिमेला, खोल दर्याकडे.

वारा फक्त वरच्या पाण्याला हात लावतो. ते खालच्याला ओढतं, ते त्याच्या खालच्याला. आणि पृथ्वी फिरते म्हणून प्रत्येक थर आणखी थोडा उजवीकडे सरकतो. भरती-ओहोटी नुसता झोका देते, परत आणून सोडते. वारा मात्र नेतच राहतो. म्हणजे एवढी अख्खी पृथ्वी आपल्या अर्नाळा-वसईच्या किनाऱ्याशी येऊन त्या बोयांना खांदा लावते! लिहिताना आत्ताही अंगावर काटा आला. आईला सांगितलं तर म्हणाली, "आधी जेव."

२२ नोव्हेंबर

वारा वाढलाय. पत्रे दिवसभर थडाथडा. डोकं उठलं.

२३ नोव्हेंबर

हिरामणमामाची बोट आली नाही.

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, अर्नाळ्याचा. काल पहाटे निघाला. सोबत खलाशी दामू — इथलाच, आपल्या दिघाशीचा, यंदाच कामाला लागलेला. काल दुपारी मामा वायरलेसवर बोलला, "जाळं पंख्यात गुतलंय, इंजिन बंद हाय, उतरून कापतो." कुठे आहे तेही सांगितलं. मग काही नाही.

गावातला माणूस दर्यात बेपत्ता असला की अर्नाळ्यात कुणी जाळं टाकत नाही. सगळ्या बोटी शोधायलाच जातात. आजही गेल्या. कितीतरी बोटी, आणि समोर एवढा दर्या!

संध्याकाळी भाविकचा फोन. मामाचा मुलगा. एरवी मला "बोयावाली" म्हणून चिडवतो. आज आवाजच वेगळा. "ताई, तू बोयांचं सांगतेस तसं बोटीचं सांगता येल का?"

बसले. बोट म्हणजे बोया नव्हे. तिची केबिन उंच, वारा तिलाच धरून ढकलतो. दक्षिणेला, उत्तनच्या बाजूला, झपाट्याने. पट्टा काढून पाठवला. देवा, बरोबर येऊ दे.

२४ नोव्हेंबर, सकाळ

सापडली!! माझ्या पट्ट्यात! फोन कानाला लावूनच मी आईला स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं. "आई, बोट मिळाली! मी सांगितलं तिथंच!"

भाविकचं बोलणं संपलं नव्हतं. "ताई, बोट रिकामी हाय."

आईचा हात अजून माझ्या हातात होता. शरम वाटली मला. ती तोंडाकडे बघूनच समजली आणि मटकन खाली बसली.

२४, दुपार

भाविकने बोट नीट पाहिली. जाळ्याला तरंगायला बांधतात ते प्लास्टिकचे रिकामे कॅन जागेवर नाहीत. जाळं अर्धवट कापलेलं. म्हणजे मामा कॅन धरून पाण्यात आहे! असणारच!

तांडेल मंडळी, म्हणजे बाकीच्या बोटींचे कप्तान, बोटीच्या आसपास शोधताहेत. त्यांचंही चूक नाही, वारा पडलेला असतो तेव्हा माणूस बोटीजवळच मिळतो. पण हा वारा! तो बोटीला ढकलतो. माणसाचं डोकं तेवढं पाण्यावर, त्याला वारा धरणार कुठे? माणूस पाण्याबरोबर जातो. सावकाश. उजवीकडे.

गणितातून बोट काढली, कॅन धरलेला माणूस घातला. उत्तर आलं. बोट सापडली तिथून कितीतरी मागे, आणि बाहेर. पार बाहेर!

भाविकने फोन मोठ्या तांडेलांकडे दिला. "बाय, कागदावर मोजून दर्या कळत न्हाय. आन् चुकलीस तं? हितला शोध मोडला जाईल." मी म्हटलं, काका, तुमच्या अर्ध्या बोटी इथेच ठेवा. अर्ध्या मला द्या. मग म्हणाले, "दिल्या."

मग मामी फोनवर आली. रडत नव्हती. "दिपाली, तुज्या मामाला आनशील ना गो?" दामूची बायको कमळ पण तिथंच येऊन बसलीय म्हणाली.

मी हो म्हटलं. कशाच्या जिवावर म्हटलं?

पाणी आत्ता, या क्षणी, त्याला घेऊन चाललंय. कुणाला न विचारता, रेषभरही न चुकता. आजवर या गोष्टीचं मला केवढं कौतुक! आज पहिल्यांदा तिचे पाय धरावेसे वाटतात.

२४, दिवेलागण

सापडला. माझ्या पट्ट्यात, जवळजवळ मधोमध. जिवंत!

दामू.

कॅन कमरेला घट्ट बांधलेले. शुद्धीवर आहे, पाणी प्यायला, बोलला. मामा पंखा सोडवायला उतरला होता. हा वरून वाकून बघत होता, लाटेने पडला. याला पोहता येत नाही. याला धरायला मामाने हातातली बोटीची दोरी सोडली. कापलेल्या जाळ्याचे सगळे कॅन याला बांधले आणि म्हणाला, "तू हितंच थांब रं, मी बोट घेऊन येतो." बोटीमागे पोहत गेला.

त्या वाऱ्यात ती बोट किती वेगाने जाते ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

भाविक लाईनवर आहे. "ताई, बोल ना. आता कुठं शोधू?"