हायपोची बाटली

४ जानेवारी

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेल्या गोळ्या संपत आल्या. डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालूच आहे. नवीन खूळ म्हणजे मांडीवर जांभळे, जाळीसारखे डाग उठलेत. मधे काळी खपली. चादर लागली तरी जीव कळवळतो. डॉक्टर म्हणाले, कॅल्सिफिलॅक्सिस, क्वचितच कुणाला होतं. लॉटरी मात्र कधी लागली नाही. शिरेतून सोडियम थायोसल्फेट देणार आहेत. इतर काही घेता का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. तुम्हाला कशाला मधे ओढू?

माया पातळ होऊ देऊ नका.
धाकटा दीर

११ जानेवारी

चि. भाऊजींस, अनेक आशीर्वाद.

आजाराचं नाव वहीत लिहून वाचनालय गाठलं. तीन दुपारी शब्दकोश शेजारी घेऊन जाड पुस्तक वाचलं. किडनी थकली की कॅल्शियम कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत साचतं, रक्त अडतं, वरची कातडी मरते. जखम चिघळली तर माणूसही जातो. तिथे माझं बोट थांबलं. मी पाठवलेल्या गोळ्या कॅल्शियमच्याच. तुमची हाडं ठणकतात म्हणालात आणि मी अतिशहाणीने माझं औषध तुम्हाला लागू केलं. डबी आजच डॉक्टरांपुढे ठेवा, माझं नाव घेऊन. माझी लाज राखायला जीव पणाला लावू नका. या घरातला एक गेला तेवढा पुरे.

आणि शिरेतून देणार ते थायोसल्फेट ओळखलंत का? आपल्या स्टुडिओतला हायपो. तुमचे दादा फोटो पक्का करायला ज्यात बुडवायचे, तोच. बाटली अजून कपाटात आहे. ती मागू नका, दवाखान्यातला शुद्ध केलेला असतो.

उत्तराची वाट पाहते.
वहिनी

२२ फेब्रुवारी

ती. वहिनींस, सा. न.

डबी ठेवली. डॉक्टर चिडले, पण माझ्यावर, खोटं बोललो म्हणून. तुम्हाला नमस्कार सांगितलाय. गोळ्या बंद. डायलिसिसच्या शेवटच्या तासाला हायपो चढतो, मळमळतं. नर्सबाई दर सोमवारी जखमेचा फोटो काढतात. पहिला हललेला निघाला, तेव्हा मी दादाचा नियम सांगितला: अंतर तेच, उजेड तोच, शेजारी मोजपट्टी. म्हणून आता पुरावा आहे. सहा सेंटिमीटरची जखम पाचावर आलीय. काल चादर ओढून झोपलो. दोन फोटो सोबत जोडलेत.

लोभ आहेच, तो तसाच ठेवा.
धाकटा

१ मार्च

चि. भाऊजींस, आशीर्वाद.

ते गेल्यापासून त्यांचं भिंग पहिल्यांदा बाहेर काढलं. जखमेची कडा गुलाबी दिसते. दुसऱ्या फोटोत मात्र मोजपट्टी तिरकी आहे. त्यांनी तो परत काढायला लावला असता. सोमवारी सरळ ठेवा.

वहिनी