आजीचा अंगठा, हेडमास्तरांचा शेरा

प्रिय बाबा,

परवा आठवीच्या वर्गात मी तुमचं नाव मोठ्यानं वाचलं, म्हणून लिहून राहिली. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

माझी बदली तुमच्याच शाळेत झाली, तेव्हा "चांगली शाळा आहे" एवढंच म्हणाले होते तुम्ही. आठवतं?

गेल्या महिन्यात जुनं कपाट रद्दीत निघालं. त्यात पालकांच्या अर्जांची फाइल होती, राज्यं वेगळी होऊन आपलं शहर हिंदी मुलखात राहिलं, त्याच्या पुढच्या काही वर्षांतली. एका अर्जाखाली निळा अंगठा आणि शेजारी आजीचं नाव! बिड्या वळणारी माझी आजी! कोणाकडून तरी हिंदीत लिहून घेतलं होतं तिनं: आमच्या वस्तीतल्या मुलांना व्हरांड्यात बसवतात, तिथून माझ्या मुलाला फळा दिसत नाही, त्याला आत घ्यावं. खाली हेडमास्तरांचा शेरा: "सब बच्चे भीतर बैठेंगे."

तिनं एकासाठी मागितलं, बाबा, आणि सगळे आत गेले!

काहून सांगितलं नाही कधी? मी विचारलं की "अच्छी होती शाळा" म्हणून पेपर वर धरायचे तुम्ही. राग येतो थोडा.

पुस्तकात अस्पृश्यतेवर एक परिच्छेद आहे. मुलं तो पाठ करतात आणि म्हणतात, "मैडम, वो तो गाँव में होता था." म्हणून अर्जाची झेरॉक्स वाटली आणि तुमच्या नावासकट तो मोठ्यानं वाचला. सगळी दाराबाहेर बघायला लागली. व्हरांडा तोच आहे, आता तिथे सायकली असतात.

पूजानं विचारलं, "इस लड़के का क्या हुआ?"

शाळेत घरचं कधी बोलले नव्हते मी. मग म्हटलं, "फैक्टरी में फिटर बना. मेरे पिताजी थे."

पूजाची दादी त्याच वर्षांत याच शाळेत शिकलेली. "पूछकर आऊँ?" पूजा म्हणाली. दादी तुमच्याच वर्गातली निघाली. दुसऱ्या दिवशी वही उघडून, मान खाली घालून तिनं वाचलं, "दादी बोलीं, वो लोग अंदर आए तो हमने अपनी टाटपट्टी सरका ली थी."

बसायची तरटाची पट्टीसुद्धा तुमच्यापासून दूर ओढली; हेच ना, जे तुम्ही सांगितलं नाही?

रविवारी त्या दादींकडे जाणार आहे. भांडायला नाही. तुम्ही कुठे बसला होता, शेजारी कोण आलं, किती दिवसांनी आलं, सगळं विचारीन. जे सांगतील ते जसंच्या तसं वर्गात वाचीन, तुम्हाला आवडो न आवडो.

तुमची,
माया