आईने चार्ज दिला

दि. ४ मार्च

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायचं तर आई शेजारीच बसलेली असते, म्हणून हे पत्र. आधी कुठेतरी बस, मग वाच. तुमच्या कामावरच्या त्या अर्धवट पुलावर उभा राहून वाचू नकोस.

मंगळवारी दुपारी मी दुकानात एका चष्म्याची काच बसवत होते, तेवढ्यात शेजारच्या बाई धापा टाकत आल्या. आपल्या स्वयंपाकघरातून धूर येत होता. घरी पोचले तर दुधाचं पातेलं जळून काळं ठिक्कर पडलेलं आणि आई तिथेच स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेली. गदागदा हलवलं तेव्हा डोळे उघडले आणि मावशी समजून माझ्याशी बोलायला लागली.

पुसायला जुनं कापड हवं म्हणून तिचं कपाट उघडलं. नर्सच्या नोकरीतले दोन पांढरे गणवेश तिने जपून ठेवलेत ना, त्यांचे खिसे टम्म फुगले होते. आत झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. एकेचाळीस. जुन्या ओळखीच्या चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवसांसाठी दिलेली ती गोळी. त्याला तीन वर्षं झाली.

टिल्लू, आपल्या आईला व्यसन लागलंय. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं.

लोभ आहेच, या पत्राने तो उणावू देऊ नकोस.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चष्म्याच्या दुकानात बसून बसून तुलाच चष्मा लागलाय. व्यसन आणि आई? ड्यूटी संपली की पुढच्या नर्सला चार्ज देताना एक गोळी कमी भरली म्हणून अख्ख्या वॉर्डची झाडाझडती घेणारी बाई ती! दोघींनी समोरासमोर मोजल्याशिवाय आणि सह्या केल्याशिवाय तिने कधी कपाटाची किल्ली सोडली नाही. घरीसुद्धा आपली पेपरमिंटं मोजून द्यायची.

एवढं लिहून पेन ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते पातेलं डोळ्यांसमोरून हलेना. एकेचाळीस पाकिटं काही चष्म्याने दिसत नाहीत. मोजमापाच्या कामात आज मी दोनदा चुकलो, साहेबांनी कान उपटले.

आमच्या मुकादमाने भावाला ज्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं, त्यांचं माहितीपत्रक सोबत पाठवतो. एकवीस दिवसांत हमखास सुटका, असं छापलंय. काही न सांगता गाडी येते आणि घेऊन जाते. उद्याच बोलाव. मला तिच्याकडे बघत बसणं जमणार नाही, तुलाही नको.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा टिल्लू

दि. १६ मार्च

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

गाडी बोलावणारच होते, पण म्हटलं, चष्म्याची फ्रेमसुद्धा आपण घालून बघतो. गेले बघायला. केंद्राच्या मालकांनी आईचं वय विचारलं नाही, गोळी कोणती तेही नाही. ती लाथा झाडते का, एवढंच विचारलं. झाडत असेल तर दोनाऐवजी तीन माणसं पाठवतील. तिला गुडघ्याच्या एक्स-रेला नेतोय असं सांगायचं. डॉक्टर कुठे बसतात विचारलं, तर लागले तर बोलावतो म्हणाले. गोळ्या एकदम बंद झाल्यावर काय होतं, यावर ते हसले. पहिले तीन दिवस सगळेच ओरडतात म्हणे. मी चपला घालायलाही थांबले नाही, हातात घेऊन बाहेर पडले.

मग आईच्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. छोटीशी खोली, तीन खुर्च्या. बाईंनी तासभर नुसते प्रश्न विचारले. गोळी कोणती, दिवसाला किती, कधी पडली होती का. इतक्या वर्षांची ही गोळी एका दमात तोडली तर फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो; ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायची, असं त्यांनी सांगितलं. आपण स्वतःच्या हाताने तिला त्या गाडीत बसवणार होतो रे!

हमखास बरी होईल का, विचारलं. तशी खात्री देता येत नाही आणि देईल त्याच्यापासून लांब राहा, म्हणाल्या. तिथेच माझं ठरलं.

येता सोडून पुढच्या रविवारी अकरा वाजता त्या घरी येतील. आईला आधीच सांगायचं, फसवायचं नाही. आपण दोघांनी एकेक पान लिहायचं. उपदेश नको, डोळ्यांनी पाहिलेलं आणि आपण स्वतः केलेलं, तेवढंच. निघताना त्यांनी विचारलं, जिला जिना उतरवत नाही तिला गोळ्या आणून कोण देतं. मी चपला घालून निघाले.

तुझं पान लवकर पाठव. जवळ असतास तर बरं झालं असतं.
तुझी ताई

दि. २० मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

त्या रविवारी पुलाच्या कमानीचं काँक्रीट आहे, मला हलता येत नाही. पान सोबत आहे. वाचताना थांबू नकोस, थांबलीस तर पुढे वाचणार नाहीस.

पानावर आहे तेच इथे तुला आधी सांगतो. गोळ्या मी आणून देत होतो. दर सुट्टीत. ती हळूच चिठ्ठी हातात द्यायची आणि सांगायची, ताईला सांगू नकोस, ती उगाच घाबरते. मला बरं वाटायचं, आईने तुला सोडून मला काहीतरी सांगितलं म्हणून. मागच्या खेपेला तर सहा महिन्यांच्या आणल्या. पहिल्या पत्रात मी तुझ्यावर का उखडलो, ते आता कळलं असेल.

मला शिव्या घाल, पण पत्र बंद करू नकोस.
टिल्लू

दि. २ एप्रिल

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

मी, तुझी आई, हॉस्पिटलात कॉट नंबर सातवर आहे. इथल्या नर्स मुलींना चादरीचा कोपरा दुमडता येत नाही. कालपासून शिकवते आहे. डॉक्टर थोडी थोडी गोळी उतरवताहेत. हात कापतो, अक्षर सांभाळून घे.

त्या रविवारी ताईने आधी तुझं पान वाचलं. मग स्वतःचं काढलं आणि पहिल्याच ओळीला तिचा आवाज फुटला. गोळ्या तीही आणायची. तिला मी सांगितलं होतं, टिल्लूला सांगू नकोस, तो लांब आहे, काळजी करेल. दोन पानांवर माझंच वाक्य, माझ्याच पोरांच्या अक्षरात. मी जन्मभर पेशंटांची लबाडी पकडली रे. पदराआड लपवलेली गोळी मला दारातून दिसायची. स्वतःची दिसली नाही. लाज कशाला म्हणतात ते त्या खुर्चीत कळलं.

ताई रडत होती. मी उठून कपाटातून, शिवणाच्या डब्यातून, देव्हाऱ्यामागून होत्या नव्हत्या त्या गोळ्या आणल्या आणि रीतसर चार्ज दिला. ताईसमोर एकेक मोजली. दोनशे बारा. तिने सही केली, मी केली. दिवसाला दोन घेते असं डॉक्टरांना सांगत होते, तिथे नऊ लिहिलं. किल्ली तिच्या हातात दिली.

बाई गेल्या, ताई चहा टाकायला आत गेली. मी खोलीत एकटी बसले. मग उशीचा अभ्रा उसवला, आतल्या सहा काढल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन तिच्या तळहातावर ठेवल्या. कुणी विचारलं नव्हतं. तिने कागद आणला, दोनशे बारा खोडून दोनशे अठरा केलं आणि आम्ही दोघींनी पुन्हा सह्या केल्या.

सुट्टी मिळाली की ये. येताना माझ्यासाठी काही आणू नकोस.

तुझी आई