शंख नव्हे

गारखेडा, मंगळवार, एप्रिल

सिल्लोडची मावशी अंदमानला फिरायला गेली आहे. सकाळी तिनं फोटो पाठवला. तळहातावर नक्षीदार शंख, खाली लिहिलेलं, "देवघरात ठेवू का गं?" शंखातून सोंड बाहेर आलेली मला दिसली. आत जिवंत विषारी गोगलगाय, 'कोन' जातीची. तिच्या डंखानं माणूस मरतो, हे मी वर्गात शिकवते. मी लिहिलं, "शंख नव्हे, कोन गोगलगाय." तेवढ्यात टँकर आला आणि मी घागरी घेऊन खाली पळाले. "आधी टाकून दे" लिहायचं राहिलं. राहिलं? शब्द दुरुस्त करायची घाई मला जास्त होती.

संध्याकाळी तिचाच फोन. "वळवळलं की गं ते! भिऊन फेकलं. पण तू नाव कसं वळखलंस! सगळ्या बसला सांगितलं, आमची पोर लई हुशार."

फोटोतला तो उघडा तळहात डोळ्यांपुढून हलत नाही. त्या डंखानं माणूस मरतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.